पहिल्या दिवसाची चकाकी आणि तिसरा पावसाळा

वाचकांचे प्रश्न : रंग, रेझिन आणि लेप

या महिन्याच्या टपालात पीयू, म्हणजे पॉलियुरेथेन, सोडून दुसरा विषयच नाही. माझी सगळी नोकरी अंबड-सातपूरकडे रेझिन शिजवायच्या केटलपाशी झाली, त्यामुळे या विषयावर मी लांबण लावते, हे संपादकांना माहीत आहे. तरी त्यांनी जागा दिली आहे. पत्रे संक्षिप्त केली आहेत आणि नावे मुद्दाम गाळली आहेत.

प्रश्न : पंचवटीतल्या एका वाड्याच्या सागवानी दरवाजाला श्रावणात पीयूचा ग्लॉसी टॉप कोट मारला. दुसऱ्या दिवशी बारीक बुडबुडे आणि खालच्या फळीवर दुधी झाक. पीयू थिनर संपला म्हणून एनसी (नायट्रोसेल्युलोज लॅकरचा) थिनर घातला होता. हवा दमट होती, लवकर वाळावे म्हणून हार्डनरही थोडा जास्त घातला. मालक म्हणतात, माल डुप्लिकेट आहे. तुम्हाला काय वाटते? (पॉलिश कंत्राटदार, द्वारका)

उत्तर : मालावर आळ घेऊ नका. श्रावण, एनसी थिनर आणि जादा हार्डनर, तुम्ही स्वतःच लिहिलेल्या या तीन गोष्टी पुरेशा आहेत.

पीयूच्या मोठ्या डब्यात पॉलिऑल असते, म्हणजे जागोजागी हायड्रॉक्सिल गट असलेले रेझिन. छोट्या डब्यात, हार्डनरमध्ये, आयसोसायनेट गट असतात. कारखान्यात आम्ही त्यांना नुसते ओएच आणि एनसीओ म्हणतो. एक ओएच आणि एक एनसीओ जुळले की युरेथेनचा एक बंध होतो, आणि असे बंध चहूकडून झाले की ओल्या थराचे कडक जाळे बनते. ही क्रिया ओटो बायर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९३७ साली जर्मनीत लेव्हरकुसेनला शोधली. या जुळणीत बाहेर काहीच टाकले जात नाही, म्हणून थर जुळताना फारसा आकसत नाही आणि चकाकी चांगली येते. पण एनसीओला ओएच कुठलाही चालतो. तो रेझिनचा असो, पाण्याचा असो की अल्कोहोलचा.

पाण्याचा हिशेब करून पाहा, म्हणजे धडकी भरेल. पाण्याचा एक रेणू दोन एनसीओ संपवतो आणि वर कार्बन डायऑक्साइड सोडतो. तुमच्या हार्डनरमध्ये १३ टक्के एनसीओ आहे असे धरले, तर १ ग्रॅम पाणी सुमारे ३६ ग्रॅम हार्डनर खाते. बुडबुडे आले ते याच वायूचे. ओलावा हवेतून येतोच, पण सागवानातूनही येतो. जुन्या वाड्याच्या दरवाजाची मागची बाजू आणि खालची कड बहुतेक वेळा उघडीच असते. पावसाळाभर लाकूड तिथून पाणी पिते आणि तुमच्या कोटाखाली ते सोडते. खालच्या फळीवरच झाक का, याचे उत्तर तिथे शोधा.

एनसी थिनरमध्ये बहुधा आयसोप्रोपिल किंवा ब्युटाइल अल्कोहोल असते. ६० ग्रॅम आयसोप्रोपिल अल्कोहोल पूर्णपणे प्रतिक्रियेत उतरले, तर त्याच १३ टक्क्यांच्या हार्डनरपैकी ३२० ग्रॅमच्या वर संपेल. त्यातले बरेचसे उडून जाते हे खरे, पण जे राहते ते जाळ्याची टोके बंद करून टाकते. मग थर वरून वाळल्यासारखा दिसतो आणि नखाने दबतो. शिवाय हा थिनर भराभर उडतो, पृष्ठभाग गार पडतो आणि दमट हवेतले दव त्यावर बसते. दुधी झाक बहुतेक त्याचीच.

आता जादा हार्डनर. त्याने वाळण्याचा वेग वाढत नाही, हे मी पॉलिशवाल्यांना सांगून सांगून थकले. जोडीदार न मिळालेला एनसीओ हवेतल्या ओलाव्याची वाट बघत बसतो, सावकाश युरिया तयार करतो आणि थर ठिसूळ होतो. ओएचपेक्षा पाच-दहा टक्के एनसीओ जास्त ठेवण्याची पद्धत आहे, पण ती कंपनीने प्रमाण ठरवतानाच धरलेली असते. वर तुमचा हात नको.

दरवाजा आता तसाच राहू द्या. पाऊस सरला, लाकडाचा ओलावा मीटरवर १२ टक्क्यांच्या आत आला, की बुडबुडे जाईपर्यंत घासा. मागची बाजू आणि कड आधी सीलरने बंद करा, मग पातळ थर द्या आणि दोन थरांमध्ये थिनर उडू द्या. पृष्ठभागाचे तापमान दवबिंदूपेक्षा किमान ३ अंशांनी जास्त असावे, म्हणजे आपल्याकडे सकाळी उशिरा ते दुपार. डिसेंबरात काम आले तर उलटी तक्रार येईल. निफाडकडची थंडी उतरली की हाच माल दुप्पट वेळ घेतो. तेव्हा हॅलोजन लावा, पण हार्डनरचे माप तेच ठेवा.

मालकांना अजून एक विचारून ठेवा : दरवाजावर ऊन पडते का? लाकडाच्या स्वस्त पीयूचा हार्डनर बहुधा टीडीआयचा (टोल्यूइन डायआयसोसायनेटचा), म्हणजे अॅरोमॅटिक, वलय असलेला असतो. घरात तो चालतो, उन्हात पिवळा पडतो. उन्हातल्या दरवाजाला एचडीआयचा (हेक्झामिथिलीन डायआयसोसायनेटचा) अॅलिफॅटिक, वलय नसलेला हार्डनर लागतो. तो महाग आहे, आणि हे कोटेशन देतानाच सांगायचे असते.

प्रश्न : आम्ही द्राक्षबागेसाठी ट्रॅक्टरवरच्या फवारणी ब्लोअरचे सांगाडे आणि गार्ड बनवतो. पीयू रंग बाहेरून घेतो. पहिल्या दिवशी त्यात तोंड दिसते. दुसऱ्या हंगामात रंग फिका पडतो, हात फिरवला की भुकटी लागते. मुलगा पॉलिमर शिकून आलाय, म्हणतो रेझिन आपणच बनवू. सुरुवात कुठून करावी? (लघुउद्योजक, अंबड एमआयडीसी)

उत्तर : सुरुवात बागेतून करा. तुमच्या रंगाला जितका त्रास उन्हाचा, तितकाच फवारणीच्या टाकीचा. बोर्डो मिश्रण घ्या : १ टक्क्याचे करायचे तर १ किलो मोरचूद, १ किलो चुना आणि १०० लिटर पाणी. चुन्यामुळे ते अल्कधर्मी. छाटणीआधी पानगळीसाठी मारतात ते इथेफॉन आम्लधर्मी. गंधक असते ते वेगळेच. हे सगळे गार्डवर ओघळते, उन्हात वाळते, आणि पुढच्या फेरीत पुन्हा ओले होते.

पॉलिऑलची दोन मोठी घराणी, पॉलिएस्टर आणि अॅक्रिलिक. पॉलिएस्टर पॉलिऑल निओपेंटिल ग्लायकॉल, ट्रायमिथिलॉलप्रोपेन, अॅडिपिक आणि आयसोथॅलिक आम्ल असे शिजवून करतात. त्याची चकाकी भरीव, अंगावर मांस असल्यासारखी, आणि थर लवचिक. पण त्याच्या पाठकण्यातच एस्टरचे बंध आहेत, आणि अल्कली त्यांनाच तोडते. अॅक्रिलिकचा कणा कार्बन-कार्बनचा. त्यात एस्टर असतात ते बाजूला लटकलेले, कण्यात नाहीत. म्हणून तुमच्या ब्लोअरला मी अॅक्रिलिक पॉलिऑल आणि एचडीआयचा हार्डनर हीच जोडी सुचवीन. तुमचा सध्याचा पुरवठादार काय देतो ते विचारा. ‘पीयू आहे’ एवढ्यावर समाधान मानू नका.

आता भुकटी. पहिल्या दिवशीची चकाकी मिळवणे फार कठीण नाही. अॅक्रिलिक शिजवताना स्टायरीन वाढवले की रंगद्रव्य छान भिजते, चकाकी चढते आणि किलोमागे पैसेही वाचतात. पण स्टायरीनचे वलय अतिनील किरण शोषते, पिवळे पडते आणि साखळी तुटू लागते. त्यात पांढऱ्या-फिक्या रंगातले टायटॅनियम डायऑक्साइड हलक्या प्रतीचे असले, तर तेही उन्हात स्वतःभोवतालचे रेझिन खाते. वरचे रेझिन झिजले की रंगद्रव्य उघडे पडते. ती तुमच्या हाताला लागणारी भुकटी. तेव्हा पुरवठादाराला तीन गोष्टी विचारा : स्टायरीन किती, टायटॅनियम बाहेरच्या वापराच्या रुटाइल प्रतीचे आहे का, आणि अतिनील शोषक व हाल्स (उन्हाने होणारी तूटफूट थोपवणारे द्रव्य) घातले आहे का. गप्प बसला तर उत्तर मिळालेच.

मुलाला रेझिनची आखणी करायला मात्र जरूर बसवा. कागदावर सुरू करू दे. समजा १ किलो मोनोमरच्या, म्हणजे साखळी बनवणाऱ्या छोट्या रेणूंच्या, मिश्रणात त्याने २१४ ग्रॅम हायड्रॉक्सिइथाइल मेथाक्रिलेट, म्हणजे हेमा, घेतले. हेमाचा रेणुभार १३०, त्यात ओएच १७. म्हणजे घन रेझिनवर ओएच २.८ टक्के. हे रेझिन आपण ६० टक्के घनांशाचे (सॉल्व्हंट उडाल्यावर उरणारा भाग तो घनांश) द्रावण म्हणून ठेवणार, तेव्हा द्रावणावर १.६८ टक्के. १७०० (ओएचचे १७ गुणिले १००) भागिले १.६८ केले की द्रावणाचा समतुल्य भार, म्हणजे एका ओएचच्या वाट्याचे वजन, सुमारे १०१२ ग्रॅम येतो. हार्डनर एचडीआय बाययुरेटचा, ७५ टक्के घनांश, एनसीओ १६.५ टक्के. एनसीओचा भार ४२, म्हणून ४२०० भागिले १६.५, म्हणजे सुमारे २५५ ग्रॅम. १०१२ ला २५५, म्हणजे वजनाने ४ भाग रेझिनच्या द्रावणाला १ भाग हार्डनर. लक्षात ठेवा, हे रेझिनचे प्रमाण झाले, रंगाचे नव्हे. रंगात रंगद्रव्य मिसळले की १०० ग्रॅम रंगात रेझिन किती ते काढून हार्डनर ठरवायचा. आणि वजनाचे प्रमाण लिटरच्या मगाने मोजायचे नाही. शॉप फ्लोअरवर वजनकाटा ठेवा, तो एका वाया गेलेल्या लॉटपेक्षा स्वस्त पडतो.

बाकीचे ७८६ ग्रॅम म्हणजे खरे कौशल्य. मिथाइल मेथाक्रिलेट कडकपणा आणते, ब्युटाइल अॅक्रिलेट मऊपणा. चिमूटभर अॅक्रिलिक आम्ल रंगद्रव्य धरायला मदत करते. कडकपणा वाढवला तर हाताला लवकर वाळते, पण फवारल्यावर थर नीट पसरत नाही आणि ऑरेंज पील, म्हणजे संत्र्याच्या सालीसारखा खडबडीतपणा, दिसते. साखळी आखूड ठेवली तर पसरते छान, कमी थिनरमध्ये गनमधून जाते, पण वाळायला उशीर. या दोन ओढींमध्ये तुमच्या शेडला काय चालते, हे कुठल्याही पुस्तकात सापडणार नाही. तुमच्याकडे ओव्हन आहे की सांगाडे अंगणात वाळतात, त्यावर ते ठरते.

शिजवण्याबद्दल जरा कडक बोलते. झायलीन आणि ब्युटाइल अॅसिटेट उकळीला आणून त्यात मोनोमर आणि क्रिया सुरू करणारे पेरॉक्साइड तीन-चार तास थेंबथेंब सोडायचे असते. उष्णता याच क्रियेतून निघते. सगळे मोनोमर एकदम ओतून गरम करायला घेतले, तर केटल हाताबाहेर जाते आणि मग पळायलाही वेळ मिळत नाही. शेवटी उरलेले मोनोमर संपवायला पेरॉक्साइडचा एक छोटा डोस. घट्टपणा गार्डनरच्या नळीत बुडबुडा किती वेगाने चढतो त्यावरून बघतात. जुने ऑपरेटर सळईवरून पडणारी धार बघून, लाडवाच्या पाकाची तार बघावी तसे, आकडा सांगायचे, आणि तो चुकत नसे. तरीही नळी वापरा.

माझे मत विचाराल तर केटल आत्ता घेऊ नका. ज्वलनशील सॉल्व्हंटचा साठा, प्रदूषण नियंत्रण मंडळाची संमती, आगीची व्यवस्था, एवढा पसारा तुमच्या खपाला परवडणार नाही. मुलाने सूत्र ठरवावे, प्रयोगशाळेत फ्लास्कमध्ये, जाणत्या माणसाच्या देखरेखीखाली, छोटे नमुने करावेत, आणि मोठा लॉट जॉबवर शिजवून घ्यावा. जॉबवाल्याशी करार करताना घनांश, ओएच, आम्लांक (रेझिनमधल्या आम्लाचे माप), घट्टपणा, रंग आणि पाण्याचे प्रमाण हे सहा आकडे लिहून घ्या. पाण्याचा विसरू नका. पीयूसाठीचे सॉल्व्हंट ०.०५ टक्क्याच्या आत पाण्याचे मिळतात. साध्या झायलीनच्या ड्रमची तशी हमी नसते.

आणि तपासणी. ग्लॉसमीटरमध्ये १.५६७ अपवर्तनांकाच्या काळ्या काचेला १०० धरतात. तुमच्यासारखा चकचकीत रंग, म्हणजे ६० अंशांवर ७० च्या वर वाचन येणारा, २० अंशांवर मोजावा, तिथे फरक उघडा पडतो. यंत्र भाड्याने मिळाले नाही तर कारखान्याच्या गच्चीवर दक्षिणेकडे तोंड करून, ४५ अंशांत पत्रे लावा. सध्याचा रंग, पॉलिएस्टर आणि अॅक्रिलिक शेजारी-शेजारी. अर्धा पत्रा झाका. दर आठवड्याला उघड्या भागावर बोर्डो आणि इथेफॉनचे थेंब टाका आणि वाळू द्या. दोन उन्हाळे आणि मधला पावसाळा काढलेला पत्रा कुठल्याही प्रयोगशाळेच्या अहवालापेक्षा तुमच्या गिऱ्हाइकाला पटेल.

एक गोष्ट चकाकीशी संबंधित नाही, पण सांगायलाच हवी. मोरचूद उघड्या लोखंडावर पडला की त्यातले तांबे लोखंडावर बसते आणि लोखंड विरघळते. टॉप कोट कितीही उत्तम असला तरी एका ओरखड्यातून गंज आत शिरतो. खाली इपॉक्सी प्रायमर नसेल तर टॉप कोटवरचा खर्च वाया गेला म्हणून समजा. वेल्डिंगच्या कडा हाताने ब्रश मारून आधी रंगवून घ्या. गनमधून निघालेला रंग कडेवर टिकत नाही.

प्रश्न : माझे मिस्टर गाड्यांच्या शेडमध्ये स्प्रे पेंटर आहेत. रात्री खोकला येतो, छाती भरते. सुट्टीच्या दिवशी बरे असते. तोंडाला रुमाल बांधतात. शेजारी म्हणतात, हार्डनरमध्ये भोपाळचा गॅस असतो. खरे का? (गृहिणी, सिडको)

उत्तर : ताई, आधी छातीच्या डॉक्टरांकडे जा, पुढचे नंतर वाचा. जाताना हार्डनरच्या डब्याच्या लेबलचा फोटो न्या आणि ‘आयसोसायनेटचा स्प्रे मारतात’ हे पहिल्याच वाक्यात सांगा. कामाच्या दिवशी त्रास आणि सुट्टीत आराम, ही माहिती डॉक्टरांच्या दृष्टीने फार मोलाची आहे.

भोपाळला २ आणि ३ डिसेंबर १९८४ च्या रात्री सुटला तो मिथाइल आयसोसायनेट. तो ३९ अंशांना उकळतो, म्हणजे आपल्या मे महिन्यात बाटलीतच उकळेल इतका हलका. हार्डनरमधले रेणू त्याच घराण्यातले, पण मुद्दाम जोडून जड केलेले असतात. डबा उघडला म्हणून ते हवेत जात नाहीत. पण स्प्रे गन त्यांचे धुके करते आणि धुके थेट फुप्फुसात जाते. त्याने होतो तो कामातून जडणारा दमा. शरीर एकदा चिडले की मग फार थोड्या मात्रेनेही झटका येऊ शकतो, आणि तो पुष्कळदा काम संपल्यावर काही तासांनी, रात्री, येतो.

रुमालाचा उपयोग शून्य. सर्जिकल मास्कचाही नाही. किमान बाष्प आणि कण दोन्ही अडवणाऱ्या कार्ट्रिजचा, चेहऱ्याला घट्ट बसणारा मास्क हवा. दाढी असेल तर तो बसत नाही. खरे म्हणजे बाहेरून स्वच्छ हवा देणारा मास्कच हवा, कारण आयसोसायनेट धोक्याच्या मात्रेला असला तरी वासावरून कळत नाही. नाकाला येतो तो थिनरचा वास. हातात नायट्राइलचे मोजे, कारण कातडीवाटेही शरीर चिडते. कामाचे कपडे घरच्या कपड्यांत धुऊ नका. युरोपीय संघात २४ ऑगस्ट २०२३ पासून असा माल हाताळणाऱ्याला प्रशिक्षण सक्तीचे आहे. आपल्याकडे शेडचा मालक मास्कला ‘खर्च’ म्हणतो, त्याला हा अंक दाखवा.

डॉक्टरांनी दमा कामामुळेच असे सांगितले, तर मास्क घालून तेच काम चालू ठेवण्याचा मोह टाळा. घासणे, पुट्टी, मास्किंग, रंग जुळवणे, ही कामे त्याच शेडमध्ये असतात. पण शेजारी गन चालू असताना त्या जागेत उभे राहणेही नको.

प्रश्न : भांडीबाजारात तांब्या-पितळेचे दुकान आहे. पर्यटकांना चकाकी टिकणारी वस्तू हवी असते. पीयूचा क्लिअर कोट मारावा का? (व्यापारी, नाशिक)

उत्तर : पाण्याच्या भांड्याला आतून काहीही लावू नका, कुठलाही माल कोणी कितीही खात्रीने देवो. समई, निरांजन, रोजची चिंचेने घासायची पूजेची उपकरणी, यांनाही नको. उष्णता आणि घासणे कुठल्याच लेपाला सोसत नाही.

शोभेच्या वस्तूला पीयूपेक्षा बेन्झोट्रायाझोल (तांबे काळवंडणे रोखणारे द्रव्य) घातलेला अॅक्रिलिक लॅकर बरा. ब्राँझच्या पुतळ्यांवर असाच वापरतात. पीयूचा थर गुळगुळीत पितळेवर कुठेतरी सुटतो, मग खाली काळी नक्षी पसरते आणि तो थर काढताना वस्तू खराब होते. अॅक्रिलिक थिनरने पुसून पुन्हा मारता येतो. पीयू ठेवा दाराच्या मुठी आणि जिन्याच्या कठड्यांसाठी, तेही अॅलिफॅटिक. पॉलिशचे मेण पूर्ण उतरवून, हातमोजे घालून हाताळा. बोटाचा ठसा लेपाखाली कायमचा उमटतो.

प्रश्न : एम.एस्सी.च्या प्रकल्पासाठी एरंडेल तेलापासून चकचकीत पीयू लेप करायचा आहे. तो पूर्ण ‘हरित’ म्हणता येईल का? (विद्यार्थिनी, गंगापूर रोड)

उत्तर : पूर्ण नाही म्हणता येणार, हार्डनर बहुधा पेट्रोलियमचाच असतो. पण विषय चांगला निवडला आहेस. एरंडेलाच्या उत्पादनात भारत जगात पहिला, आणि त्यात गुजरातचा वाटा सर्वांत मोठा. तेव्हा कच्चा माल दाराशी आहे. यातले रिसिनोलिक आम्ल स्वतःच ओएच घेऊन येते, म्हणून तेल काहीही न करता पॉलिऑल म्हणून चालते.

हायड्रॉक्सिल अंक, म्हणजे १ ग्रॅम तेलातल्या ओएचचे मिलिग्रॅम केओएचमधले माप, १६३ धरलास तर ५६१०० (केओएचचा रेणुभार ५६.१, मिलिग्रॅममध्ये) भागिले १६३, म्हणजे समतुल्य भार सुमारे ३४४. वरच्या उत्तरातल्या २५५ च्या हार्डनरशी जोडून बघ : १०० ग्रॅम तेलाला ७४ ग्रॅम. एवढा हार्डनर लागतो, म्हणजे ‘हरित’ किती आणि किंमत किती, दोन्ही तुझ्या समोर आले.

थर चमकेल, पण मऊ राहील. त्यातले ओएच दुय्यम, म्हणून सावकाश चालतात, आणि साखळीची मोकळी शेपटे जाळ्यात लोंबत राहतात. ग्लिसरॉल किंवा पेंटाएरिथ्रिटॉलबरोबर तापवून एस्टरची अदलाबदल घडवलीस तर ओएच वाढतील आणि जाळे घट्ट होईल. तीन वेगवेगळ्या ओएचची तीन रेझिने कर, तुझा प्रबंध त्यातच आहे. पाण्यातले पीयू, डायमिथिलॉलप्रोपिओनिक आम्ल घालून केलेले, हा वेगळा आणि मोठा विषय. एका वर्षात दोन्ही घेऊ नकोस.

पुस्तकातला हायड्रॉक्सिल अंक वापरू नकोस, तुझ्या बाटलीतल्या तेलाचा स्वतः काढ. अॅसिटिक अॅनहायड्राइड आणि पिरिडीनची पद्धत, फ्यूम हूडमध्ये, प्रत्येक वेळी ब्लँकसकट. आम्लांकाची दुरुस्ती घालायची. तेल आधी १०० अंशांना निर्वातात ठेवून पाणी काढ, नाहीतर पहिल्या प्रश्नातले बुडबुडे तुझ्या काचेवर दिसतील. थर काचेवर आणि घासलेल्या पोलादी पत्र्यावर दोन्हीकडे ओढ, आणि कडकपणा व एमईके या सॉल्व्हंटच्या बोळ्याचे घासणे सात दिवसांनंतरच मोज.